दरडीतून, पुरातून परत आलेल्या बचाववाल्यांचं पुढे काय होतं?

तैलबैला

पावसाळा तोंडावर आला की आमच्या गिर्यारोहण गटात दोर, कॅराबिनर, हार्नेस, स्ट्रेचर सगळं बाहेर काढून तपासलं जातं. झिजलेला दोर बाद होतो आणि तशी वहीत नोंद होते. माणसांची अशी वही आमच्याकडे नाही. इतर गटांकडे तरी आहे का, हे विचारायला हा धागा.

आमच्यातले काही जण २०१४ च्या दरडीनंतर माळीणला होते, काही २०२३ च्या दरडीनंतर इर्शाळवाडीला. एरवी वर्षभर ताम्हिणी, देवकुंड, हरिश्चंद्रगड, लोणावळ्याच्या आसपासच्या दऱ्या इथली बचावकामं चालूच असतात. आमच्यातला एकही पगारी नाही. कुणी आयटीत आहे, कुणाचं मंडईजवळ दुकान आहे, एक जण शाळेत गणित शिकवतो. रविवारी रात्री दरीतून प्रेत वर आणायचं आणि सोमवारी सकाळी हिंजवडीच्या बसमध्ये बसायचं, हे आमच्याकडे नेहमीचं झालंय. मी स्वतः खाली उतरत नाही, फोन आणि याद्या सांभाळते. पण परत आल्यावर कोण गप्प झालं, कोण पुढच्या कॉलला फोन उचलेनासं झालं, हे मला सगळ्यांच्या आधी कळतं.

ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया लिहा. नंतर काय झालं? कशाचा उपयोग झाला, कशाचा नाही? आम्हाला आमच्या गटापुरती एक रीत ठरवायची आहे, आणि ती कुणाच्या धाडसावर सोडायची नाही.

पाषाणकर

फार महत्त्वाचा विषय. वाचतोय.

घाटवाट

मी इर्शाळवाडीला होतो. १९ जुलैच्या रात्री दरड आली, आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो. ज्यांना ती जागा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर गाडीरस्ता नाही, चिखलातून चढून जावं लागतं, त्यामुळे यंत्रं वर जाणं शक्य नव्हतं. टिकाव, फावडी, घमेली एवढ्यावर काम. अग्निशमन दलाचा एक जण चढतानाच हृदयविकाराने गेला. वर धुकं इतकं, की साखळीतला चौथा माणूस दिसायचा नाही, फक्त घमेलं हातात यायचं.

एका घराच्या जागी आम्हाला कणगी सापडली. तिची वरची बाजू चेपलेली होती आणि आतलं भात कोरडं होतं. बाहेर एवढा पाऊस आणि आत कोरडं भात. माझ्या शेजारच्याने मूठभर घेतलं, बघितलं, परत आत ठेवलं आणि कणगी बाजूला सरकवली. कुणी काही बोललं नाही.

लोकांना वाटतं की प्रेतं पाहिल्याचा त्रास होतो. मला झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. चौथ्या दिवशी शोध थांबवला. २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसं बेपत्ता म्हणून जाहीर झाली, म्हणजे ती तिथेच राहिली. शोध थांबवण्याचा निर्णय बरोबर होता, वरून परत दरड यायची भीती होती, हे डोक्याला पटतं. पण उतरताना आपण कुणाच्या अंगावरून चालतोय का, हा विचार पुढे कित्येक महिने गेला नाही. घरी फरशीवरून चालतानाही यायचा.

सुभेदार_निवृत्त

मी फौजेत उमर घातली आहे. मला या धाग्याचा सूर थोडा खटकतो. आजकाल प्रत्येक गोष्टीला आजाराचं नाव द्यायची घाई असते. काम करा, घरी या, गरम पाण्याने अंघोळ करा, पोटभर जेवा, झोपा. मन माणसाला सावरतं. सतत विचारत राहिलं की जखम ओलीच राहते.

घाटवाट, तुमच्याविषयी हे नाही. तुमच्या कामाला माझा सलाम.

सरिता_वारजे

सुभेदार काका, तुमचा मान ठेवून घरची बाजू सांगते.

माझा नवरा अशाच एका गटात आहे. माळीणहून आला तेव्हा अंघोळ केली, जेवला, झोपला. तुम्ही म्हणता तसंच सगळं. तीन आठवड्यांनी त्रास सुरू झाला. मुलाचे ओले बूट दारात दिसले की भडकायचा. पावसाचा जोर वाढला की रात्री उठून गॅलरीत उभा राहायचा, मागच्या टेकडीकडे बघत. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, टेकडी अर्धा किलोमीटर लांब. मी म्हटलं की झोप, तर म्हणायचा, "तिथलेही झोपलेच होते."

माळीणची दरड सकाळची, पण त्याच्या डोक्यात ती अशीच बसली होती.

उपयोग कशाचा झाला ते सांगते. त्यांच्या गटातले एक मोठे दादा आमच्याकडे जेवायला आले. सहज आले असं दाखवलं, पण मला ठाऊक आहे की मुद्दाम आले होते. जेवण झाल्यावर त्याला तळजाईवर फिरायला घेऊन गेले. "तुला त्रास होतोय का" असं विचारलंच नाही. "झोप किती वाजता मोडते रे?" असं विचारलं. त्याने वेळ सांगितली. दादा म्हणाले, "माझी चारला मोडायची." तिथून बोलणं सुरू झालं. पुढे दोघं मिळून डॉक्टरांकडे गेले.

डॉ_मृण्मयी

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, पुण्यातच काम करते. सरिताताईंनी लिहिलेला प्रसंग इतका नेमका आहे की माझं अर्धं काम त्यांनीच केलं.

सुभेदार काकांच्या म्हणण्यात एक तथ्य आहे, ते आधी मान्य करते. अशा कामानंतर पहिले काही आठवडे झोप मोडणं, दृश्यं डोळ्यांपुढे येणं, दचकणं, चिडचिड होणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. त्याला आजार म्हणायची गरज नाही. पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक विकाराचं, निदान करायला लक्षणं महिन्याहून जास्त टिकावी लागतात आणि माणसाच्या रोजच्या जगण्यात अडथळा यावा लागतो.

पण "मी तर मदतीला गेलो होतो, माझं घर थोडंच गेलं" असं म्हणून जे थांबतात त्यांच्यासाठी सांगते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत, आपत्तीनंतर मानवी अवशेष गोळा करणाऱ्यांचं उदाहरण स्पष्ट दिलेलं आहे. कामाचा भाग म्हणून असं पुन्हा पुन्हा पाहावं लागणं, हाही आघातच धरला जातो. तुम्हाला त्रास व्हायचा हक्क आहे का, हा प्रश्न वैद्यकशास्त्राने केव्हाच निकालात काढलाय.

घाटवाट, "काढता आलं नाही" ही बोच वेगळी असते. ती भीतीपेक्षा अपराधी वाटण्याच्या जवळ जाते आणि उपचारात तिच्याकडे वेगळं बघावं लागतं. अजून होत असेल तर जरूर भेटा, माझ्याकडेच असं नाही, कुणाकडेही.

भोरकर

डॉक्टर, थोड्या दिवसांसाठी झोपेची अर्धी गोळी घेतली तर? आमच्याकडे बरेच जण घेतात. काही जण दुसरा उपाय करतात, तो शनिवारी रात्री धाब्यावर मिळतो.

डॉ_मृण्मयी

भोरकर, दोन्ही नकोत. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात या त्रासावर बेंझोडायझेपिन गटातल्या झोपेच्या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्येच सांगितलंय. त्या गोळ्यांनी त्रास टळत नाही, सवय मात्र लागते. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण ती उथळ असते आणि पहाटे आणखी मोडते.

हौशी_ट्रेकर

मग सोपा मार्ग आहे की! परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना गोल बसवायचं, समुपदेशक बोलवायचा, प्रत्येकाने काय पाहिलं ते सगळं सांगून टाकायचं. मन मोकळं झालं की संपलं.

(आमच्या गटात एक बहाद्दर आहे. कड्यावर आग्या मोहोळ उठलं तरी जागचा हलत नाही, पण समुपदेशक येणार म्हटलं की त्याला सासुरवाडीचं काम निघतं. त्याला कसा बसवायचा तेवढं सांगा.)

डॉ_मृण्मयी

त्या बहाद्दराला बसवू नका, एवढंच सांगते. :)

१९८० च्या दशकात अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी बचावपथकांसाठी अशी गटात बसून बोलण्याची पद्धत मांडली आणि ती जगभर पसरली. पुढे चाचण्या झाल्या तेव्हा चित्र वेगळं निघालं. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत भाजलेल्या रुग्णांचे दोन गट केले होते. १३ महिन्यांनी पाहिलं, तर असं एकदा बसवून बोलतं केलेल्यांपैकी २६ टक्क्यांना पीटीएसडी होता आणि ज्यांना तसंच सोडलं त्यांच्यात ९ टक्क्यांना. त्यानंतरच्या एकत्रित आढाव्यांतही या एका बैठकीने पीटीएसडी टळतो असं दिसलं नाही.

आकडेमोड

डॉक्टर, इथे मला अडवावंसं वाटतं. ते भाजलेले रुग्ण होते, एकेकट्याला किंवा जोडीदारासोबत बसवलं होतं, आणि ज्यांना बोलतं केलं त्यांच्या भाजण्याची तीव्रताही मुळात जास्त होती. मिचेल यांची पद्धत बचावपथकाच्या गटासाठी होती, जे एकमेकांना ओळखतात. एका गोष्टीच्या चाचणीवरून दुसरी बाद करणं घाईचं होतं असं अनेक बचावपथकांचं म्हणणं आहे.

डॉ_मृण्मयी

आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच मी "गटाने एकत्र बसू नका" असं म्हणत नाही. एकत्र बसा, चहा प्या, कामात काय चुकलं आणि काय जमलं ते बोला. सक्ती करू नका, आणि प्रत्येकाने सगळ्यात भयंकर क्षण वर्णन केलाच पाहिजे असा आग्रह धरू नका, एवढंच. ज्याने ते दृश्य पाहिलेलंच नाही त्याच्या डोक्यातही ते दुसऱ्याच्या वर्णनाने जाऊन बसतं. सध्या मानसिक प्रथमोपचार म्हणून जे शिकवतात त्याची तीन पावलं आहेत: बघा, ऐका, जोडून द्या. "बोलायला लावा" त्यात नाही.

सुभेदार_निवृत्त

डॉक्टर, हे पटलं. सरिताताईंचं वाचून एक गोष्ट लक्षात आली ती लिहितो. फौजेत आम्ही परत आलो तरी एकाच बराकीत असायचो. ज्याच्याबरोबर ते पाहिलं त्याच्याचबरोबर महिनाभर जेवत होतो. न बोलताही कळायचं कुणाचं ताट तसंच राहिलंय. तुमची ही मुलं रात्री बारा वाजता स्वारगेटला उतरतात आणि आपापल्या घरी जातात. घरी कुणाला काय सांगणार? मोठा फरक आहे हा.

सदाशिव_मराठवाडी

१९९३ ला मी पुण्यात शिकत होतो. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. विसर्जनाची रात्र होती, दमून झोपलेली माणसं. आम्ही वसतिगृहातली पोरं मिळेल त्या ट्रकने सास्तूरच्या बाजूला गेलो. सोबत बिस्किटं आणि जुने कपडे होते. प्रेत कसं उचलायचं हे एकालाही माहीत नव्हतं.

तिकडची घरं म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. ते सगळं आत कोसळलेलं. दगड उचलायचे म्हणजे एकेक दगड दोघांनी. वरून पाऊस. सामुदायिक चिता पेटत नव्हत्या. आम्हाला कुणी मोजे दिले नाहीत, कुणी नाव लिहून घेतलं नाही, कुणी "आता पुरे, मागे जा" म्हटलं नाही. मला राग गावकऱ्यांवर किंवा सरकारवर नाही, तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं. पण आमच्यातला एक जण त्यानंतर कॉलेजात आलाच नाही. गावी गेला आणि शेती बघू लागला. वर्गात आम्ही त्याला भित्रा म्हणायचो. आज त्या पोरांपैकी जे भेटतात, ते त्याचा विषय निघाला की मान खाली घालतात.

मी स्वतः अजून जुन्या दगडी वाड्यात रात्री झोपू शकत नाही. बायकोच्या माहेरी वाडाच आहे. तीस वर्षं मी तिथे अंगणात झोपतोय, आणि तिच्या माहेरच्यांनी कधी एका शब्दाने कारण विचारलं नाही. त्यांचे उपकार आहेत.

चिंचवडकन्या

_/\_

राजगुरुनगरी

माझा मशीनचा धंदा आहे. माळीणला जी पोकलेन चालली त्यातली एक माझी होती. इथे बचाव करणारे म्हणून ट्रेकर, जवान, डॉक्टर सगळ्यांचं नाव आलं. ऑपरेटरचं नाही आलं म्हणून लिहितोय.

माझा ऑपरेटर तेव्हा पंचविशीचा होता. त्याचं आयुष्य पाया खणण्यात आणि विहिरी काढण्यात गेलेलं. तिथे त्याला सांगितलं, बादली हळू घाल, वीतभर माती उचल, थांब. पुढे एक जवान उभा, त्याची नजर मातीवर. त्याने हात वर केला की बादली हवेत तशीच धरायची. मग चार जण हाताने माती सारायचे. कधी चादर निघायची, कधी जनावर, कधी माणूस. हा वर काचेच्या केबिनमध्ये, एकटा, आणि सगळं त्याला सगळ्यांत आधी दिसायचं, कारण तो उंचावर. बाकीचे आळीपाळीने मागे जात होते. त्याला बदली नव्हती, कारण दुसरा ऑपरेटरच नव्हता. डिझेल भरायच्या वेळेला तेवढा खाली उतरायचा.

एनडीआरएफची सुदुंबऱ्याची पाचवी तुकडी होती. त्यांचं प्रशिक्षण आहे, पाळ्या आहेत, वरिष्ठ आहेत. माझ्या पोराला भाडं मिळालं आणि वर मी बक्षीस दिलं. पुढच्याच महिन्यात त्याला चाकणला पायाच्या कामावर पाठवलं, तर बादली मातीत घालेना. "शेठ, हात वर कोण करणार?" म्हणाला. आता तो ट्रक चालवतो. चांगलं चाललंय त्याचं. पण मशीनला हात लावत नाही.

आकडेमोड

राजगुरुनगरी, तुमचा अनुभव आकडेवारीशी तंतोतंत जुळतो. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यावर काम केलेल्या सुमारे २९ हजार जणांची दोन-तीन वर्षांनी पाहणी झाली. २००७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. एकूण १२.४ टक्क्यांना पीटीएसडी असावा असं दिसलं. पोलिसांत ६.२ टक्के, तर कुठल्याही संस्थेशी न जोडलेल्या स्वयंसेवकांत २१.२ टक्के. आणि जे आपल्या नेहमीच्या कामाबाहेरचं काम करत होते त्यांना धोका जास्त. जास्त दिवस राहणाऱ्यांनाही जास्त.

म्हणजे सदाशिवरावांची ट्रकमधली पोरं आणि तुमचा ऑपरेटर हीच सर्वांत उघड्यावर असलेली माणसं. आणि त्यांचीच यादी कुणाकडे नसते.

परिचारिका_वायसीएम_नव्हे

यात कोविडही धरा हो. एप्रिल २०२१ मध्ये मी एका कोविड केंद्रात रात्रपाळीला होते. नातेवाइकांना आत यायला बंदी, म्हणून आम्ही पीपीई किटमधून व्हिडिओ कॉल लावून द्यायचो. शेवटचे कितीतरी निरोप माझ्या हातातल्या फोनवरून गेले. दरडीत निदान बाहेरचं जग थांबतं आणि बघतं. आमचं रोज होतं.

सरिताताई, तुमच्या दादांसारखं कुणी आमच्या वॉर्डात असतं तर किती बरं झालं असतं. आमच्याकडे ऑनलाइन योगाचं एक सत्र ठेवलं होतं, रात्रपाळी संपल्यावर, सकाळी नऊला.

वृत्तखोली

मी बातम्यांच्या डेस्कवर. घटनास्थळी जात नाही, पण तिथून आलेली सगळी क्लिप मला आधी बघावी लागते, काय दाखवायचं नाही ते ठरवायला. डॉक्टरांनी कामाचा भाग म्हणून पाहावं लागणाऱ्यांचं लिहिलं ते वाचून बरं वाटलं. आवाज बंद करून बघायचं, हा माझा उपाय आहे. पन्नास टक्के त्रास आवाजाचा असतो.

भोरकर

अवांतर: आपल्याकडे आपत्तीच्या ठिकाणी बघ्यांची गर्दी फार. कुंडमळ्याला २०२५ मध्ये इंद्रायणीवरचा पूल पडला तेव्हाही नंतर लोक बघायला जात होते. प्रेत वर आणताना समोर मोबाईल धरलेले चाळीस हात असतील तर आणणाऱ्याची काय अवस्था होत असेल.

घाटवाट

भोरकर, अवांतर नाही. दरीतून स्ट्रेचर वर घेताना आमच्यातला एक जण फक्त चादर धरून उभा असतो. मृताच्या मानासाठी, आणि आमच्या पोरांचे चेहरे व्हायरल होऊ नयेत म्हणूनही. एकाच्या आईने मुलाला टीव्हीवर पाहिलं आणि मग त्याला दोन वर्षं जाऊ दिलं नाही.

गावकऱ्यांबद्दलही लिहायला हवं. इर्शाळवाडीच्या पायथ्याशी लोक पिठलं-भाकरी घेऊन उभे होते. एक आजी प्रत्येकाला विचारत होती, "खाल्लंस का?" कोण आहेस, काय काढलंस, काही नाही. फक्त खाल्लंस का. मला त्या चार दिवसांतलं सगळ्यात जास्त आधाराचं तेच वाटलं.

तैलबैला

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री गटातल्या आठ-दहा जणांनी मिळून हा धागा वाचला आणि मसुदा केला. मोकळेपणाने चुका काढा.

जाण्याआधी प्रत्येकाला तिथे काय दिसणार हे स्पष्ट सांगायचं, आणि "मी दोर सांभाळतो, प्रेताला हात लावणार नाही" असं म्हणायची मुभा द्यायची. त्यावरून नंतर कुणी चेष्टा केली तर चेष्टा करणाऱ्याला पुढच्या कॉलला न्यायचं नाही. प्रत्यक्ष खणण्याच्या जागी पाळ्या, आणि पाळी संपल्याचं ठरवणारा माणूस वेगळा, स्वतः न खणणारा. परतताना थेट घरी सोडायचं नाही, आधी एकत्र जेवण. कुणी बोललं तर ऐकायचं, नाही बोललं तरी चालेल. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घरी जाऊन भेट. फोन नाही, भेटच. विचारायचं झोपेचं, जेवणाचं, चिडचिडीचं, दारूचं. घरच्या माणसाशी वेगळं बोलायचं. महिन्यानंतरही त्रास असेल तर डॉक्टर, आणि पहिल्या भेटीला गटातलं कुणीतरी सोबत. खर्च गटाच्या निधीतून, स्ट्रेचरच्या खर्चासारखाच.

डॉ_मृण्मयी

उत्तम. दोन गोष्टी घाला. वार्षिक तारखा वहीत लिहा. दरडीच्या दिवशी, पहिल्या मोठ्या पावसात त्रास उलटतो, तेव्हा एक फेरी मारा. आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा. सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. रात्री तीनला मित्राला उठवायचा संकोच वाटतो तेव्हा कामाला येतो. आणि हो, उपचारांनी पीटीएसडी बरा होऊ शकतो, हे ठळक अक्षरांत लिहा. आघातावर केंद्रित बोलण्याचे उपचार आहेत, पुण्यात ते देणारे आहेत, काही महिन्यांत फरक पडतो.

सुभेदार_निवृत्त

भेटींचं काम कोण करणार? तरुणांना नोकऱ्या आहेत. मला वेळ आहे, गाडी आहे, आणि गप्प बसता येतं. आमच्या निवृत्तांच्या कट्ट्यावर असे आणखी तिघं-चौघं निघतील. डॉक्टर शिकवणार असतील तर आधी शिकून घेऊ.

डॉ_मृण्मयी

काका, नक्की शिकवते. व्यनि (खासगी निरोप) करते.

राजगुरुनगरी

मसुद्यात बाहेरच्या माणसांचं काही नाही. ऑपरेटर, ट्रॅक्टरवाले, गावातली पोरं, ज्यांना तिथल्या तिथे कामाला लावलं जातं ते. त्यांची भेट कोण घेणार?

तैलबैला

दादा, बरोबर आहे, सुटलं होतं. जागेवर पोचल्यावर आमच्यासोबत जो कुणी हात लावेल त्याचं नाव, गाव आणि फोन लिहून घ्यायचं काम माझ्याकडे घेते. यादी तशीही मीच करते. मशीन असेल तिथे दुसरा ऑपरेटर मागायचा हेही लिहिलं. तुमच्या ऑपरेटरची हरकत नसेल तर सुभेदार काकांची पहिली भेट त्याच्याकडे ठेवूया का?

राजगुरुनगरी

आज ट्रक घेऊन नगरला गेलाय. उद्या आला की विचारतो.